पोट्टं नेवीत हाय म्हने!

सकाळी काकाजींचा भाचा गोव्यात नावांना फायबर मारत होता. दुपारी पिठाच्या गिरणीवर तो जहाजाचा इंजिनिअर झाला. संध्याकाळी मी दुधाला गेलो, तर दूधवालाच मला विचारतो, "काहो भाऊ, तुमच्या बाजूच्या काकाजीचा भाचा नेवीत कप्तान हाय म्हने?" एका दिवसात एवढी बढती नौदलातही कोणाला मिळत नसेल.

बातमी कुठून सुटली हे शोधायला लांब जावं लागलं नाही. भिंतीपल्याड काकाजी, तारेच्या कुंपणापल्याड वहिनी, आणि मधे मी. बाळापूरच्या या भागातली निम्मी बातमी माझ्या अंगणातूनच इकडून तिकडे जाते.

"वहिनी, तुम्ही कोनाले काय सांगलं?"

"म्या? म्या काईच नाई सांगलं बाप्पा! काकू म्हने, पोट्टा जहाजाच्या कामावर हाय. म्या फक्त म्हनलं, मंग सरकारी असन."

खरी भानगड अशी की भाच्यासाठी खामगावकडून स्थळ आलंय. मुलीकडच्यांनी विचारलं, मुलगा काय करतो? काकूंना खरं सांगायचं तर 'घासतो' म्हणावं लागलं असतं. पोरगा आयटीआय झालेला. अकोल्याला टाक्या आणि कूलरला फायबर मारणाऱ्या दुकानात त्याचा हात बसला, आणि कोणाच्या तरी ओळखीनं तो थेट मांडवीकाठच्या एका यार्डात जाऊन पोचला. तिथं जुन्या नावा घासायच्या, फोडायच्या, जोडायच्या. काकूंनी यातला घासण्याचा भाग गाळला आणि 'जहाजाचं काम' एवढंच ठेवलं. पुढचं वहिनींनी पाहिलं.

आता पोरगा सुट्टीवर आलाय आणि काकाजींनी त्याला आल्या आल्या कूलरला जुंपलाय. मार्च संपत आला की आमच्याकडे घरोघर हेच चालतं. ऊन पंचेचाळीसकडे सरकायच्या आत जुन्या ताट्या बाहेर, नवा वाळा आत. काकाजी पारसच्या वीज केंद्रातून रिटायर झाले, पण त्यांचा पत्र्याचा कूलर काही रिटायर होत नाही. त्याची टाकी दरवर्षी गळते. काकाजींनी तिला एम-सील लावून पाहिलं, डांबर लावून पाहिलं. गेल्या वर्षी अकोल्याहून रेझिन आणून वरून स्वतः काचतंतूंची मॅट चिकटवली. ती जूनपर्यंतसुद्धा टिकली नाही.

भाच्यानं टाकी उलटी टाकली, खिशातून एक नाणं काढलं आणि पत्र्यावर वाजवत निघाला. टण, टण, टण... ठप्प. तिथं खडूनं गोल केला.

"मामा, अथी पोकय हाय."

"काऊन? म्या तं तीन थर देल्ले होते!"

"थर देल्ले, पन रंगावर देल्ले. मॅटनं रंग धरला, रंगानं गंज धरला, अन् गंजानं पत्रा सोडला."

काकाजींना उलट उत्तर देणारा माणूस आमच्या गल्लीत क्वचितच निघतो. त्यामुळं मी भिंतीवर कोपर टेकवून नीट उभा राहिलो. वहिनींनी तांदूळ निवडायचं सूप घेऊन कुंपण गाठलं.

"कारे, तिकडे जहाजालेही असंच नाणं वाजवून पाह्यतेत का?" वहिनींनी 'जहाज' शब्द जरा मोठ्यानंच उच्चारला.

"जहाज नाई मावशी, नाव. शिडाची. शर्यतीची."

"म्हंजे डोंगाच!"

"डोंगाच समजा. पन त्या डोंग्यात तुमचं अन् काकाचं घर दोन्ही येईन."

मग त्यानं सांगायला घेतलं. यंदा त्याच्या यार्डात एक जुनी नाव आली होती, तीस-बत्तीस फुटी. मुंबईच्या कोण्या हौशी माणसानं जुन्यात घेतलेली. दिसायला चकचकीत. मालकाचा हिशेब सरळ होता: रंग मारू, नवी शिडं चढवू आणि हंगामाच्या शर्यतीला उतरू. यार्डाच्या मिस्त्रीनं काही न बोलता नाव पाण्याबाहेर काढून टेकूंवर उभी केली आणि पोरांच्या हातात प्लॅस्टिकच्या छोट्या हातोड्या दिल्या. वाजवा म्हणाला. सगळ्या अंगभर, वीतभर जागा सोडायची नाही. जिथं आवाज भरीव तिथं पुढं सरकायचं, जिथं ठप्प तिथं खडूचा गोल. संध्याकाळपर्यंत डेकवर जागोजाग खडूचे गोल झाले होते.

"पन फायबर तं सडत नाई ना?" काकाजींनी मुद्दा काढला. पारसला सगळी हयात गेली, मशिनरीचं काही म्हणता काही त्यांना कमी कळत नाही.

"फायबर नाई सडत मामा. मधातलं सडते."

डेक एकसंध फायबरचा नसतो. वर फायबरची एक कातडी, खाली एक, आणि मधे बाल्साचं लाकूड. पोरं विमानाची मॉडेलं करतात तेच ते हलकं लाकूड. तिन्ही मिळून हलकंही राहतं आणि पायाखाली लवतही नाही. पण रेलिंगचे खांब, कप्प्या, कड्या बसवायला त्या डेकला भोकं पाडावी लागतात. बोल्टभोवतीचं सील चार-आठ वर्षांत वाळतं. मग दर लाटेला एक थेंब आत. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. डेक झळाळत असतो. या नावेची वरची कातडी कापून उचलली तर खाली लाकूड नव्हतंच, काळा चिखल होता.

"चमच्यानं काहाळला, मावशी. वास तं असा का दुपारी जेवन गेलं नाई."

"माय व!" वहिनींचे हात सुपात थांबले.

पुढचं काम पोरानं आम्हाला टाकीवर खडूनं आखून दाखवलं आणि मी एवढ्या वर्षांत न पाहिलेली गोष्ट पाहिली: काकाजी गप्प बसून ऐकत होते. चिखल काढायचा, कोरडं लाकूड लागेपर्यंत काढत जायचं. जागा वाळू द्यायची. नवा बाल्सा कापून, एपॉक्सीनं चिकटवून बसवायचा. वर कातडी परत. आणि कातडीचा जोड? तिथं खरी कारागिरी. भोकाला झाकण ठेवल्यासारखा तुकडा ठेवून चालत नाही. भोवतीचं जुनं फायबर ग्राइंडरनं उतरतं घासायचं. जेवढी जाडी, त्याच्या बारापट रुंद उतार. कातडी पाच मिलिमीटरची असली तर चारी बाजूंनी साठ मिलिमीटरपर्यंत घासत न्यायची. मग त्या उतारावर लहान-मोठ्या मॅटा एकीवर एक अशा बसवायच्या की नव्याचा जोर जुन्यात हळूहळू उतरावा. दोन बोटांचं भोक बुजवायला टोपलीएवढी जागा खरडावी लागते. मालक पाहतो तेव्हा त्याला वाटतं, नाव दुरुस्त करायला दिली होती का मोडायला!

काकू इतका वेळ ओट्यावर भाजी चिरत होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, "म्हंजे गोधडीवानी वरून थिगय नाई. पैठनीवानी रफू."

"बराबर, मामी."

मामीला एवढं पटकन कळलं हे मामांना फारसं आवडलं नाही. त्यांनी विषय बोल्टांवर नेला. बोल्ट परत बसवताना पुन्हा पाणी शिरणार नाही का? त्यालाही तोड होती. भोक आधी मुद्दाम मोठं पाडायचं, घट्ट एपॉक्सीनं गच्च भरायचं आणि वाळल्यावर त्या एपॉक्सीतच बोल्टाचं बारीक भोक पाडायचं. मग सील गेलं तरी पाण्याची आणि लाकडाची गाठच पडत नाही. हे पहिल्यांदा बांधणाऱ्यानंच केलं असतं तर चमचा घेऊन बसायची वेळ आली नसती.

नावेच्या पोटाचं वेगळंच दुखणं. पाण्याखालच्या भागाला फोड आले होते, काही मसुराएवढे, काही रुपयाएवढे. वरचा रंगीत गुळगुळीत थर असतो, त्याला जेलकोट म्हणतात. त्यातूनही वर्षानुवर्षं पाणी झिरपतं, आत रेझिनशी त्याची रासायनिक खटपट होते आणि थर फुगतो. फोड टोचला की चिकट पाणी येतं आणि त्याला आंबूस, व्हिनेगरसारखा वास येतो. तो थर खरडून काढायचा, गोड्या पाण्यानं पुन्हा पुन्हा धुवायचं आणि मग वाळू द्यायचं. आठवडेच्या आठवडे, कधी महिने. गोव्याच्या हवेत वाळवणं म्हणजे सोपं काम नाही. पावसाळा लागायच्या आत झालं तर झालं, नाहीतर मांडव घालून बसा. मालकाचा रोज फोन यायचा, रंग कवा मारता? मिस्त्री ओलावा मोजायचं यंत्र लावून पाहायचा आणि रोज एकच सांगायचा, अजून ओली हाय. या मिस्त्रीला मी पाहिलेलं नाही, पण मला तो माणूस फार आवडला.

इथं काकाजींचा धीर सुटला. "तुह्या नावेचं राहू दे, माह्या टाकीचं कर," असं म्हणून त्यांनी स्वतःच मगात रेझिन ओतलं आणि वरून हार्डनर. अंदाजानं. भाचा "मामा, मामा" म्हणेपर्यंत उन्हात ठेवलेला तो मग धुपायला लागला. रेझिन जमताना आतून तापतं. हार्डनर जास्त पडला, वरून वऱ्हाडातलं ऊन मिळालं, तर ब्रश बुडवायच्या आत मगात दगड तयार. शंभराला एक-दोन भाग हार्डनर, तो मोजूनच, आणि उन्हाळ्यात कमीकडे. एवढंच असतं तर हसण्यावारी गेलं असतं. पण काकाजींच्या दुसऱ्या हातात कोबाल्टची, म्हणजे रेझिनला जमायची घाई लावणाऱ्या औषधाची, बाटली होती, आणि पोराचा आवाज पहिल्यांदाच चढला. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधी मिसळायचे नाहीत, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये नीट घोळायचा आणि हार्डनर मागून. घरी फायबर मारणाऱ्या सगळ्या हौशी काकाजींनी हे एक वाक्य भिंतीवर लिहून ठेवावं. ज्याला ते लिहून ठेवायचा कंटाळा त्यानं तयार टाकी विकत घ्यावी.

मगाचा वास गल्लीभर गेला. तिसऱ्या घरातून कोणी तरी गॅस लीक झालाय का म्हणून ओरडलं. वहिनींनी तिथूनच खुलासा केला, "नाई व, नेवीचं काम चालू हाय!"

पोरानं टाकी पत्रा पांढरा दिसेपर्यंत घासली, थिनरनं पुसली आणि मग मॅट ठेवून ब्रशनं रेझिन ठोकत बसला. ठोकत, ओढत नाही. ओढलं की काचेचे तंतू हलतात आणि खाली हवेचे बुडबुडे राहतात. पांढरी मॅट भिजून हळूहळू आरपार दिसायला लागली. काकाजींनी डबा पुढं केला, अजून ओत म्हणाले. त्यानं हात आडवा धरला. "मॅट भिजली पाह्यजे मामा, पोहली नाई पाह्यजे." जास्तीच्या रेझिननं ताकद वाढत नाही, ठिसूळपणा वाढतो. शर्यतीच्या नावेत तर तो वजनाचाही गुन्हा असतो. त्या चमच्यानं काढलेल्या चिखलामुळं नाव पाण्याचं केवढं तरी ओझं घेऊन पळत होती, आणि आधीच्या मालकाला वाटायचं शिडं जुनी झाली. शिडं, इंजिन, वायरिंग यांचं त्यानं फार सांगितलं नाही, ते दुसऱ्यांचं काम. डोलकाठी धरून ठेवणाऱ्या स्टीलच्या तारांबद्दल मात्र बोलला. त्या चांगल्या दिसत असल्या तरी दहा-बारा वर्षांनी बदलायच्याच. आणि नावेच्या तळाला तोलासाठी लावलेल्या शिशाच्या कीलचे बोल्ट उघडून पाहायचे, कारण स्टेनलेस स्टील जिथं हवा लागत नाही अशा फटीतच गुपचूप गंजतं.

"एवढं सगयं तू करतं," वहिनी म्हणाल्या, "मंग पेपरात फोटो कोनाचा येते?"

हा प्रश्न वहिनींनी सहज विचारला, पण मी त्याचीच वाट पाहत होतो. फोटो चालवणाऱ्याचा येतो. कमांडर दिलीप दोंदे ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईहून एकटे निघाले आणि मे २०१० मध्ये पृथ्वीला वळसा घालून परत आले. असं करणारे पहिले भारतीय. अभिलाष टॉमींनी १ नोव्हेंबर २०१२ ला सुरुवात केली आणि ३१ मार्च २०१३ ला कुठंही न थांबता तीच फेरी पुरी केली. दोघांचे फोटो आले, यायलाच पाहिजेत. दोघांची नाव एकच होती, 'म्हादेई', छप्पन्न फुटी, लाकडी पट्ट्यांचा गाभा आणि दोन्ही अंगांनी फायबर. ती बांधली गोव्याच्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या ॲक्वेरियस शिपयार्डनं. दांडेकरांनी पृथ्वीप्रदक्षिणेची शिडाची नौका त्याआधी कधी बांधलेली नव्हती. नौदलानं ती फेब्रुवारी २००९ मध्ये ताब्यात घेतली. दांडेकरांचं नाव बाळापुरात मी पाच जणांना विचारलं, एकालाही माहीत नव्हतं. दोंद्यांचं दोघांना माहीत होतं.

"अन् हे सगयं डोक्यात आलं कोनाच्या?" काकाजींनी विचारलं.

व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटींच्या. १९७१ च्या लढाईत 'कामोर्ता' युद्धनौकेचे कप्तान, वीरचक्राचे मानकरी. आणि निवृत्तीनंतर राहिले कुठं? साताऱ्याकडं, फलटणजवळच्या विंचुर्णीत. शेवटपर्यंत, २०१८ पर्यंत तिथंच.

"फलटनले? तथी कुठं आला समुद्र?"

"नाईच काकाजी. आपल्याएवढाच नाई."

काकाजींना हे एकदम पटलं. आमच्याकडे मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या संगमावर किल्ला आहे, मिर्झाराजे जयसिंगांची छत्री आहे, पूर आला की किल्ल्याच्या पायाशी पाणी लागतं. उरलेलं वर्षभर नदीत म्हशी बसतात. तरीपण आवटींचं फलटण चालतं तर बाळापूरही चालायला हरकत नाही, असा काहीसा विचार त्यांच्या चेहऱ्यावर दिसला.

नंतर नौदलाच्या दुसऱ्या नावेचं, 'तारिणी'चं निघालं. तीही ॲक्वेरियसचीच. सप्टेंबर २०१७ ते मे २०१८ या काळात लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी आणि पाच जणी तिच्यातून जगाला फेरा मारून आल्या. परतताना सुकाणूत बिघाड झाला म्हणून नाव मॉरिशसला न्यावी लागली, दुरुस्त केली, मग पुढं. हीच 'तारिणी' २०२३ च्या जानेवारीत केपटाउन ते रिओच्या शर्यतीत धावली आणि २ ऑक्टोबर २०२४ ला दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच तिला घेऊन निघाल्या, २९ मे २०२५ ला गोव्याला परत. दोनदा पृथ्वीभोवती आणि मधे एक शर्यत! त्या दोन सफरींच्या मधे पाण्याबाहेर उभ्या नावेवर किती हात चालले असतील, त्याची बातमी होत नाही.

"दोघीच?" वहिनी म्हणाल्या. "अन् सैपाक?"

वहिनींना सगळ्यात जास्त आवडली ती टॉमींची दुसरी गोष्ट. एकट्यानं जगाला फेरा मारायच्या २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत, २१ सप्टेंबरला, हिंदी महासागरातल्या वादळात त्यांची 'थुरिया' उलटली, डोलकाठी मोडली, पाठ मोडली. फ्रान्सच्या एका गस्ती बोटीनं त्यांना वाचवलं. पाठीत टायटॅनियम घालून हा माणूस २०२२ ला पुन्हा त्याच शर्यतीला उभा. या वेळची नाव 'बायनात', छत्तीस फुटी फायबरची. शर्यतीआधीच एका मालवाहू जहाजाशी टक्कर होऊन तिला पुढच्या बाजूनं मार बसला होता. ती दुरुस्त होऊन वेळेवर रांगेत उभी राहिली. वाटेत वाऱ्यावर चालणारं सुकाणूचं यंत्र मोडलं, तेव्हा त्यांनी संडासाचं दार कापून त्याचं पातं केलं. आणि २९ एप्रिल २०२३ ला दुसरे आले.

"संडासाचं दार?" वहिनींनी तीनदा विचारलं. ही बातमी आता गिरणीवर कोणत्या रूपात पोचेल, याची मला तेव्हाच काळजी वाटली.

पोरगा मात्र दाराकडे वेगळ्या नजरेनं पाहत होता. म्हणाला, "काका, दार कापाले सगयेच कापतीन. पन ते ज्याले लावलं तो कना मजबूत व्हता, म्हनून लावता आलं."

मला विचाराल तर खरी गोष्ट तीच आहे. समुद्रात माणूस काय करतो याचं आपल्याला फार कौतुक, आणि असावंच. पण यार्डात कोणी तरी ओली जागा ओली म्हणून सांगितली, रोज फोन आला तरी सांगितली, म्हणून त्या माणसाला समुद्रात काही करायला मिळतं. आम्ही घासणाऱ्याला घासणारा म्हणायला लाजतो आणि त्याला कप्तान करून टाकतो. याहून मोठा अपमान कोणता?

टाकी दुसऱ्या दिवशी पाणी भरून ठेवली, गळली नाही. काकाजी सगळ्या गल्लीला बोलावून दाखवत होते. भाच्यानं मात्र तिथंही खरंच सांगितलं: पत्र्यावर हे रेझिन एपॉक्सीएवढं पकडत नाही, दोन उन्हाळे निघतील, तिसऱ्याचं सांगत नाही. काकूंनी कपाळावर हात मारला. कारण हाच स्वभाव त्यानं खामगावच्या फोनवरही दाखवला होता. त्यांनी विचारलं, नेवीत कोणत्या हुद्द्यावर? हा म्हणाला, मी नेवीत नाई, जुन्या नावा दुरुस्त करतो, घासतो. "पाहू" म्हणून त्यांनी फोन ठेवला, तो ठेवलाच.

तेव्हा स्थळ अजून मोकळं आहे. मुलगा निर्व्यसनी, काम कायमचं, अंगाला काच टोचते म्हणून दिवसातून दोनदा थंड पाण्यानं आंघोळ करणारा, आणि खोटं बोलायचं म्हटलं तर घशाखाली न उतरणारा. कोणाच्या पाहण्यात मुलगी असेल तर सरळ काकाजींच्या घरी या. फक्त निरोप वहिनींजवळ देऊ नका, नाहीतर लग्नापर्यंत पोरगा ॲडमिरल होईल.